ओलांदिनानं झगा धुतला

आमचं घर सहा हजार दोनशे वर्षांचं आहे. हसू नका. पोर्तुगालातल्या आमच्या कोइंब्रात विद्यार्थ्यांनी चालवलेल्या घरांत एक वर्ष म्हणजे शंभर वर्षं असा हिशेब असतो, आणि दर वसंतात घराची शताब्दी साजरी होते. फार पूर्वी चार पोरांनी ही जागा भाड्यानं घेतली, दारावर 'भिजक्या मांजरांचं प्रजासत्ताक' अशी पाटी ठोकली, तेव्हापासून इथे वॉर्डन नाही की घरमालकीण नाही. राहणारी पोरंच राज्य करतात. राज्य म्हणजे काय, तर भांडी कोणी घासायची यावर जेवण थंड होईपर्यंत सभा. मी लुर्देस, या प्रजासत्ताकाची स्वयंपाकीण. कितीतरी मांजरं आली आणि डॉक्टर, वकील होऊन गेली, पण कांदा बारीक चिरता येणारं एकही माझ्या हाताखालून गेलं नव्हतं. ओलांदिना येईपर्यंत.

ओलांदिना तिमोरची. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर जगाचा जुना नकाशा आहे. पहिल्याच दिवशी आमच्यातलाच एक, तेल्मु, तिला म्हणाला, "तुझं गाव दाखव बघू." तिनं नकाशाच्या उजवीकडे खालच्या अंगाला, जिथे कागद फाटून चिकटपट्टी लावली आहे, तिथे बोट ठेवलं.

"चिकटपट्टीच्या खाली," म्हणाली. "अर्धं बेट दिसतंय ना, त्याच्या डोंगरात."

तेल्मु स्वतः भर समुद्रातल्या असोर बेटांवरचा. त्याचं तोंड घड्याळासारखं, झोपेतही चालू. तो म्हणाला, "चला, मी एकटाच बेटकरी होतो, आता जोडी झाली. पण माझ्या बेटाला निदान चिकटपट्टी नाही."

"चिकटपट्टी लावायला आधी दिसावं लागतं. तुमचं बेट या नकाशात आहे कुठे?" ओलांदिना म्हणाली, अगदी नम्रपणे. खरंच नव्हतं. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, ही इथे टिकेल.

टिकेल म्हणायला ती राहायला आलेली कुठे होती? आली होती पाहुणी म्हणून. सप्टेंबरात शहरात आली तेव्हा नदीपलीकडे एका बाईकडे तिची खोली होती. जानेवारीत बाईला साक्षात्कार झाला की विद्यार्थ्यांपेक्षा पर्यटक बरे, आणि ऐन परीक्षेत ही पोरगी एक सुटकेस आणि भात शिजवायचं विजेचं भांडं घेऊन रस्त्यावर. तेल्मु तिच्याच वर्गातला, स्थापत्याचा. तो तिला घेऊन आला. जिन्याखालच्या खोलीतून मोडकी सायकल आणि दोन गिटारी बाहेर काढल्या, तिथे तिची गादी पडली.

आमच्याकडची रीत अशी की पाहुण्यानं शताब्दीच्या जेवणापर्यंत राहावं. त्या दिवशी, खीर वाढायच्या आधी, घरातली सगळी एकेक करून आपलं मत सांगतात. प्रत्येकाला "राहू दे" म्हणावं लागतं. सगळ्यांनी म्हटलं तर पाहुणा घरचा. एकजण जरी नाही म्हणाला किंवा गप्प बसला तरी पाहुण्यानं सामान बांधायचं. पोरं याला लोकशाही म्हणतात. मला विचाराल तर हट्ट आहे.

आणि ओलांदिनाला जायला जागा एकच होती. लिस्बनजवळ तिचा एक मावसभाऊ मासळीच्या कारखान्यात होता, तिथे कामही मिळालं असतं. पण एकदा कामाला लागलं की कॉलेज सुटतं, हे तिनं आपल्याकडच्या दोघातिघांचं पाहिलं होतं. तिच्या गावाखाली एक नदी आहे, तिचा पूल दर दोन-चार वर्षांनी वाहून जातो आणि मग आठवडा आठवडा माणसं इकडची इकडे, तिकडची तिकडे. तो पूल कसा बांधायचा ते शिकायला ही जग ओलांडून आली होती. मासे डब्यात भरायला नाही.

पण ही चिंता तिच्या तोंडावर कधी दिसली नाही, कारण या पोरीला कशाचंही अप्रूप. थंडीत तोंडातून वाफ निघते म्हणून सकाळी अंगणात उभी राहून फुंकत बसायची. ग्रंथालयातून आली की धापा टाकत सांगायची, आज काय वाचलं, कोण भेटलं, कुठल्या देशाचं. तिच्या वर्गात मोझांबिकचा एक, ब्राझीलच्या दोघी, पोलंडचा एक लाजाळू मुलगा. सगळ्यांना ती आमच्या स्वयंपाकघरात घेऊन यायची आणि मी सूपमध्ये पाणी वाढवायचे. नदीवर तो पायी जायचा पूल आहे ना, ज्याच्या दोन बाजू मधोमध येऊन एकमेकींना चुकल्यासारख्या दिसतात, त्याच्यावर तर तिचा जीवच जडला होता. रविवारी चर्चमधून थेट तिकडे. कठड्याखाली वाकून बघायची, आणि घरी येऊन मला बटाट्यांच्या सालांचा पूल करून दाखवायची. मला एक अक्षर कळायचं नाही, पण ऐकताना माझाच जीव हरखायचा. इतकी वर्षं त्या पुलावरून मी कोबी वाहून आणला, वर कधी मान करून बघितलं नव्हतं.

तिची पोर्तुगीज पुस्तकातली. सुरुवातीला म्हणायची, "आपण कृपया मला मीठ देण्याची तसदी घ्याल का?" तेल्मु उठून उभा राहायचा आणि मिठाचं भांडं दोन्ही हातांनी, वाकून द्यायचा. महिन्याभरात ती सुधारली. एका रात्री जेवताना म्हणाली, "तेल्मु, मीठ दे, आणि तोंड बंद ठेव." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता आंसेल्मु. आमच्या घरात वयानं आणि मानानं सगळ्यांत मोठं मांजर. उत्तरेकडचा, डोंगराळ मुलखातला, शेतकऱ्याचा पोर. कायदा शिकतो आहे. किती वर्षं शिकतो आहे ते विचारू नका, मीही विचारत नाही. शेवटच्या वर्षाचे काही पेपर राहिले आहेत, ते राहिलेच आहेत. पण घराच्या रीतिभाती त्याला तोंडपाठ. कोणी कुठे बसायचं, कोणतं गाणं कधी, पेला कोणत्या हातात. नाकासमोर चालणारा, हसला तर पाव तासानं. मनानं मात्र लोणी. आणि त्याचा जीव त्याच्या झग्यात.

आमच्याकडच्या विद्यार्थ्यांचा हा झगा म्हणजे बिनबाह्यांचा, खांद्यावरून घोट्यापर्यंत येणारा, जाड काळ्या लोकरीचा. तो कधी धुवायचा नसतो. जे काही त्या वर्षांत अंगावर पडलं, वाइन, पाऊस, कोणाचे अश्रू, ते सगळं त्यात राहायला हवं, असं म्हणतात. वासावरून मला ते पटतं. आणि शेवटच्या वर्षाला आलं की आपली माणसं येऊन त्याची कड दातांनी फाडतात, प्रत्येकाची एक चीर. एका कडेला घरच्यांच्या, दुसऱ्या कडेला मित्रांच्या, आणि पाठीमागे मधोमध प्रेमाच्या माणसाची. फाटलेला झगा म्हणजे श्रीमंत माणूस. ते प्रेमाचं माणूस सोडून गेलं तर तेवढी चीर शिवून टाकतात. शिवलेली चीर म्हणजे तुटलेलं नातं, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आंसेल्मुच्या झग्याला घरच्यांच्या कडेला तीन चिरा होत्या. आईची, बापाची आणि आजीची. आजी गेल्या हिवाळ्यात वारली.

मार्चमध्ये एका संध्याकाळी ओलांदिना आमच्या घराकडची पाठ मोडणारी चढण चढून आली ती नखशिखांत भिजून, दात वाजताहेत, डोळे लाल. आंसेल्मु दारातच होता. एक शब्द न बोलता त्यानं खांद्यावरचा झगा काढला आणि तिला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. चांगला ताप भरला होता तिला. आठवडाभर ती त्याच झग्यात झोपली, त्याच झग्यात सूप प्यायली. बरी झाल्यावर द्यायला गेली तर तो म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे, अजून थंडी आहे. शताब्दीच्या दिवशी दे." तो कोणाला आपल्या झग्याला हात लावू देत नाही, म्हणून आम्ही सगळे चाट पडलो. पण कोणीही तिला बाकीचं सांगितलं नाही. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते सांगायचं कोणाला सुचत नाही.

शताब्दीची सकाळ उजाडली. काय सांगू तो दिवस! आदल्या दिवसापासून काळ्या मातीच्या हंड्यांत म्हाताऱ्या शेळीचं मटण लाल वाइनमध्ये मुरत होतं, पहाटेच मी हंडे भट्टीत सरकवले होते. अंगणात लांबच लांब टेबलं, तेल्मु शिडीवर चढून पताका बांधतोय आणि शिडी धरणाऱ्याला शिव्या देतोय, कोणी ढोल वाजवून बघतोय, कोणी पेले मोजता मोजता चुकतोय. मी कोथिंबीर कापायला गच्चीवर गेले. आणि तिथे दोरीवर आंसेल्मुचा झगा वाळत होता.

माझ्या हातातली सुरी खाली पडली.

ओलांदिना झग्याच्या मागून बाहेर आली, तोंडभर हसत. "मावशी, बघा ना कसा निघालाय. काल तीनदा पाणी बदललं. पहिलं पाणी तर आमच्या कॉफीसारखं काळं."

"पोरी, हे काय केलंस?"

"धुतला. घेतलेली वस्तू मळकी परत देऊ नये, आई म्हणते." मग मोठं गुपित सांगावं तशी जवळ आली. "आणि कडेला फाटला होता ना, तिथे शिवला पण. बिचाऱ्याच्या लक्षातही आलं नसेल. शोधा बघू, टाका सापडतो का?"

नाही सापडला. घरच्यांच्या कडेला मी बोट फिरवलं, उलट करून पाहिलं, उन्हात धरलं. तीनही चिरा अशा बुजल्या होत्या की जणू कधी नव्हत्याच. मित्रांची कड शिवायला तिला वेळ पुरला नव्हता, एवढंच नशीब.

मी तिथेच उलट्या टोपलीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी त्याच्या आजीला..." एवढंच म्हणाली आणि झग्याला हात लावून उभी राहिली.

तेल्मुला मी हाक मारून वर बोलावलं. तो आला, कड उन्हात धरून बघितली. मग म्हणाला, "कात्री आण. उसवून टाकू."

"कात्रीनं उसवलेलं आणि दातांनी फाडलेलं एक दिसतं काय, शहाण्या?" मी म्हटलं. "आणि हिचा टाका दिसतोय कुठे उसवायला? उसवता उसवता झगाच जाईल."

"मग आज कुठेतरी लपवू. वाळला नाही म्हणून सांगू."

"धुतला हे न सांगता वाळला नाही म्हणून कसं सांगणार?" ओलांदिना म्हणाली. रडवेली होती, तरी तेल्मुची चूक तिनं काढलीच.

मग मी तिला माझ्या अकलेचं सांगितलं. "हे बघ, दुपारी मत आहे. तोवर गप्प राहा. सगळ्यांनी राहू दे म्हटलं की तुझी जागा पक्की. मग संध्याकाळी सांग, रड, काय ते कर."

तिनं मान हलवली. "मग ते मत माझ्यासाठी नसेल, मावशी. ज्या मुलीनं काही केलं नाही तिच्यासाठी असेल."

एवढं बोलून तिनं झगा दोरीवरून काढला, घडी घातली आणि जिना उतरली. मी मागोमाग. आंसेल्मु खाली आरशासमोर गळ्यात काळा टाय बांधत होता. तिनं घडी त्याच्या हातात दिली आणि जे केलं ते सगळं सांगितलं, एका दमात, पुन्हा त्या पुस्तकी पोर्तुगीजमध्ये. घाबरली की तिला तीच यायची.

आंसेल्मुनं झगा उलगडला. कडेवरून अंगठा फिरवत गेला. एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला. जागा सापडेना त्याला. त्यानं झगा नाकाशी नेला. लॅव्हेंडरच्या साबणाचा वास येत होता.

"मला स्टेशनवर जायचंय," तो म्हणाला. "आईची गाडी येईल." झगा खांद्यावर टाकला आणि बाहेर पडला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ओलांदिना खोलीत गेली, आणि मला दारातून दिसलं, ती सुटकेस काढत होती. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं सुटकेस परत ढकलली, बाह्या सरसावल्या आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "कांदे किती चिरू?"

दुपारी अंगण भरलं. जुनी मांजरं कुठून कुठून आली होती. एक न्यायाधीश, एक दातांचा डॉक्टर, एक खासदाराचा सचिव, पोटं सुटलेली, टकलं चमकणारी, आणि पाटीखालून आत पाऊल टाकलं की सगळी पुन्हा अठरा वर्षांची. एकमेकांच्या पाठीत गुद्दे, जुन्या उधाऱ्या, जुन्या पोरी, सगळं पुन्हा उकरून झालं. मी हंड्यांवरची झाकणं काढली तेव्हा असा काही घमघमाट सुटला की ढोलवालाही थांबला. ओलांदिनानं आपल्या पद्धतीनं वाटलेली मिरची न्यायाधीशांनी पावावर लोण्यासारखी फासली. मी सांगायला जाईपर्यंत घास तोंडात. न्यायाधीशांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी, आणि तेल्मु ओरडतोय, "साहेब, गुन्हा कबूल करा, सुटाल!"

एरवी मी हसून हसून खाली बसले असते. आज मी नुसती आंसेल्मुकडे बघत होते. त्याच्या शेजारी त्याची आई बसली होती, आदोसिंदा नाव तिचं. ठेंगणी, काळ्या कपड्यांतली, हात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे. येताना घरचे सॉसेज आणि दगडाएवढा पाव घेऊन आली होती. बसल्या बसल्या तिनं लेकाकडे वळून दोनदा हुंगलं.

"तुला कोणी आंघोळ घातली?" तिनं विचारलं. टेबल हसलं. आंसेल्मु हसला नाही.

मग तेल्मु उभा राहिला. मत पुकारायचं काम घरातल्या धाकट्याचं असतं. पेला चमच्यानं वाजवला. सगळे गप्प झाले. खिरीचे थाळे माझ्या पुढ्यात तयार, वर दालचिनीची नक्षी.

"भिजक्या मांजरांनो," तेल्मु म्हणाला, "जिन्याखाली एक पाहुणी आहे. ओलांदिना. तिचं काय करायचं?"

ओलांदिना टेबलाच्या टोकाला उभी होती, हात एप्रनला पुसत. एकेक करून पोरं म्हणत गेली. राहू दे. राहू दे. एकजण म्हणाला, "राहू दे, पण ती मिरची कुलपात ठेवा." बाकीच्या पाचही जणांचं झालं, तेल्मुनं स्वतःचंही म्हणून टाकलं. राहिला आंसेल्मु. मोठा म्हणून त्याचं शेवटी.

आंसेल्मुनं तोंड उघडलं आणि मिटलं. मांडीवर झग्याची कड होती, तिच्याकडे बघत राहिला.   बोल रे बाबा, मी मनात म्हणत होते, तोंडातून काहीतरी काढ.

"काय झालं?" आईनं विचारलं.

उत्तर ओलांदिनानं दिलं, त्या टोकावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी यांचा झगा धुतला. आणि तुम्ही फाडलेलं शिवलं. तुमचं, यांच्या बाबांचं आणि आजीचं. मला रीत माहीत नव्हती."

सगळ्या टेबलावरून एक सुस्कारा गेला. न्यायाधीशांनी डोळे पुसायचे थांबवले.

आदोसिंदानं पिशवीतून चष्मा काढला, नाकावर चढवला आणि लेकाच्या मांडीवरून कड ओढली. बराच वेळ बघितलं. नखानं खरवडून पाहिलं.

"इकडे ये ग," ती म्हणाली. ओलांदिना जवळ गेली. "कुठली तू?"

"तिमोरची."

"लांब असेल."

"हो."

"शिवायला कोणी शिकवलं?"

"आजीनं."

"वाटलंच," आदोसिंदा म्हणाली. मग चष्मा काढून तिनं आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. "आमच्या सासूबाईंनी जन्मभर गावाचे कपडे शिवले. फाटकं दिसलं की जीव कासावीस व्हायचा त्यांचा. रस्त्यात माणसाला थांबवून बटण लावून द्यायच्या. त्या दिवशी हा म्हणाला, आजी, फाड. तुम्ही सगळी टाळ्या वाजवत होता आणि त्या रडत होत्या. तुम्हाला वाटलं, नातवाच्या कौतुकानं. कौतुक कसलं, कापडासाठी रडत होत्या."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"परतीच्या गाडीत मला म्हणाल्या, हे शिकलेल्यांचं खूळ आहे, चालायचं. पोराची पदवी झाली की झगा माझ्याकडे आण, मी शिवून देते, मग मी जायला मोकळी." तिनं लेकाकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "सुईत काळा दोरा ओवून ठेवला होता त्यांनी खिडकीत. चार वर्षं. तुझी पदवी काही आली नाही."

आंसेल्मुची मान खाली गेली ती वर येईना. मला त्याची कीव आली, आणि खरं सांगते, त्याहून जास्त त्या खिडकीतल्या म्हातारीची आली.

"सासूबाईंची चीर शिवलेलीच राहील," आदोसिंदा म्हणाली. "कोणी उसवायची नाही. त्यांचं काम झालं, कोणाच्या हातून का होईना. माझं मात्र मला परत पाहिजे." असं म्हणून तिनं कड तोंडाशी नेली, दात रोवले आणि चर्रकन फाडली. मग थोडं अंतर सोडून आणखी एकदा. "ही तुझ्या बापाची. तो बोकडं सोडून येत नाही. त्याचं सगळं मीच करते, हेही करते."

अंगणात एकच हशा उसळला, लोकांनी टेबलं बडवली. पण तेल्मु अजून उभाच होता, चमचा हातात. "आंसेल्मु," तो हळूच म्हणाला, "तुझं मत राहिलंय."

आंसेल्मु उठला. झगा हातावर घेऊन ओलांदिनासमोर जाऊन उभा राहिला. डोळे लाल होते त्याचे, आणि मिरची त्यानं खाल्ली नव्हती.

"फाड," तो म्हणाला.

"मी?"

"तू."

तिनं सगळ्यांकडे बघितलं. मग झगा हातात घेतला, आणि जिथे मित्रांच्या चिरा होत्या ती कड शोधून बोटांत धरली. सकाळीच मी तिला सगळं समजावलं होतं, पोरगी एकदा ऐकलेलं विसरत नाही. आंसेल्मुनं ती कड तिच्या बोटांतून काढून घेतली. झगा फिरवला, आणि आईनं आत्ता फाडलेल्याच्या शेजारची जागा तिच्या हातात दिली.

"ही घरच्यांची बाजू आहे," ओलांदिना म्हणाली.

"मला माहीत आहे."

ती कड हातात धरून उभी राहिली आणि रडायला लागली. "इतकं चांगलं कापड आहे हो," ती म्हणाली. "इतकं मन लावून धुतलंय मी."

"माझ्या आजीसारखीच आहे ही," आंसेल्मु आईला म्हणाला. आदोसिंदानं ओलांदिनाच्या पाठीवर एक दणका दिला. "लाव दात, पोरी. रडून झालं की फाडायचं असतं, आमच्याकडे असंच करतात."

तिनं दात लावले. लोकर जाड, पहिल्यांदा नुसतीच ओढली गेली. दुसऱ्यांदा फाटली, आणि तो आवाज अंगणाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेला. मग जो गोंधळ उठला! ढोल, शिट्ट्या, टकली मांजरं खुर्च्यांवर उभी, दातांचा डॉक्टर तिचे दात तपासायला धावतोय. मीही ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

तेल्मु जिवाच्या आकांतानं चमचा वाजवत होता. "अरे, पण मत! त्यानं राहू दे म्हटलंच नाही! रीत म्हणजे रीत!"

आंसेल्मुनं फाटका झगा खांद्यावर टाकला आणि त्याच्याकडे वळून बघितलं. रीतिभातीचा तो धनी, इतक्या वर्षांत एक वेलांटी चुकू दिली नव्हती त्यानं.

"घरच्या माणसावर मत घेतात का रे कोणी?" तो म्हणाला, आणि बसून घेतलं.

मी खीर वाढायला घेतली. नजर त्या दोघांवरच, पहिली वाटी अर्धी टेबलक्लॉथवरच गेली, आणि मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.